दोन वाल्देस

एमेलिनाने तंबाखूचं ओलसर पान मांडीवर पसरलं, मधल्या शिरेचं टोक बोटाला गुंडाळलं आणि एका ओढीत शीर अलगद सोडवली. पानाचे दोन अर्धे दोन ढिगांवर गेले. समोरच्या बाकावरून कांदिता मावशी तिच्याकडे बघत होती. मावशीचे हातही चालूच होते आणि तोंड तर कधीच थांबत नसे.

"काय गं, आत्ता तुझं आडनाव काय?"

"वाल्देस. माहीत आहे तुम्हाला."

"आणि लग्नानंतर?"

एमेलिनाने नवं पान उचललं. तिच्याऐवजी मावशीनेच कारखान्याच्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी घोषणा केली, "सेन्योरा एमेलिना वाल्देस दे वाल्देस!"

तीस-पस्तीस बायका खदखदून हसल्या. एमेलिनाही हसली.

रेग्ला गावात या आडनावाचं कुणाला नवल नव्हतं. खाडीपलीकडे हवानात टाकलेल्या बाळांचं घर होतं. तिथल्या भिंतीत एक फिरता पाळणा होता. बाहेरून बाळ ठेवायचं, घंटा वाजवायची आणि मागे न बघता चालू लागायचं. आत जे मूल येई त्याला, ते घर काढणाऱ्या बिशपाचं, वाल्देस हे आडनाव मिळे. दोनशे वर्षं हे असंच चाललेलं. खाडी ओलांडणाऱ्या लाँचच्या धक्क्यावर कुणी "ए वाल्देस!" अशी हाक मारली तर चार-पाच माना वळत. त्यातली एक सेराफिनची, ज्याच्याशी एमेलिनाचं लग्न ठरलं होतं. तो लाँचवर दोर सांभाळायचा. छत्तीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा. दोन वर्षांपूर्वी पाय घसरून एमेलिना पाण्यात पडता पडता त्याने तिला दंडाला धरून वर ओढलं होतं, आणि नाव विचारल्यावर दोघंही एकदमच म्हणाले होते, "वाल्देस."

"बघा, बघा," मावशी म्हणाली, "हसताना तोंडावर हात धरते. तोही असाच हसतो. हात पण उजवाच. मला तर बाई भाऊ-बहीणच वाटता तुम्ही."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी थोडा कमी. एमेलिनाच्या हातातलं पान मधोमध फाटलं.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. सेराफिनच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. तिने आरशात स्वतःची पाहिली, तीही तशीच. तो भात खाताना आधी काळा घेवडा बाजूला सारायचा. तीही सारायची. आणि गेले पंधरा दिवस सेराफिन बदलला होता. धक्क्यावर भेटला की टोपीला हात लावायचा, बरी आहेस ना विचारायचा आणि दोराशी चाळा करत उभा राहायचा. पूर्वीसारखा तिचा हात हातात घेत नव्हता. त्याचं मन उडालं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. तसं असतं तरी परवडलं असतं.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन, सेराफिनची जेवणाची वेळ साधून, ती दुसऱ्या लाँचने पलीकडे गेली.

टाकलेल्या बाळांच्या घरातली नन, सिस्टर उर्सुला, आता फार वाकली होती. तिने एमेलिनाला आवाजावरून ओळखलं, खुर्चीत बसवलं आणि येण्याचं कारण ऐकल्यावर काही न बोलता दोन जाडजूड वह्या टेबलावर आणून ठेवल्या. त्या शोधायला तिला जरासुद्धा वेळ लागला नाही.

"तू अठराशे शहाण्णवची. नोव्हेंबर." सिस्टरने पानावर भिंग धरलं. "'मुलगी. अंदाजे आठ दिवसांची. पहाटे आली. अंगात झबलं, नवं. चिठ्ठी नाही.'"

"नवं?"

"नवं. असंच लिहिलंय."

मग दुसरी वही. "एक्क्याण्णव. 'मुलगा. दोन दिवसांचा. दुपारी आला. जुन्या पांढऱ्या कापडात. चिठ्ठी नाही.'"

"एवढंच?"

"आयांनी सांगितलं नाही ते आम्ही कुठून लिहिणार, पोरी?"

एमेलिनाने मग कानाच्या पाळीचं सांगितलं, घेवड्याचं सांगितलं, आणि शेवटी हसण्याचं. त्यावर सिस्टर स्वतःच हसली.

"अगं, तोंडावर हात हा सिस्टर इनेसचा नियम! तोंडात घास असताना हसू आलं तर उजवा हात धरायचा. इथून गेलेलं एकूण एक पोर तसंच हसतं. ट्राममध्ये मी तेवढ्यावरून ओळखते. आणि घेवड्यात खडे असायचे, म्हणून तुम्ही सगळे तो बाजूला सारून निवडत बसायचात."

एमेलिनाच्या खांद्यांवरचं निम्मं ओझं उतरलं.

"मी स्पेनमधली, अस्तुरियासची," सिस्टर पुढे म्हणाली. "आमच्याकडे वाल्देस नावाचा अख्खा मुलूख आहे. समुद्राला लागून, हिरवागार, सदा ओला. उद्या तू तिथे जाऊन म्हणालीस, मी वाल्देस, तर म्हाताऱ्या विचारतील, कुठल्या घरातली गं? काय सांगशील?"

"हवानातल्या घरातली."

"तेच तर. नाव एक म्हणून रक्त एक होत नाही."

"पण सिस्टर, आमचं रक्त एक नाही, असं तुम्ही सांगू शकाल?"

सिस्टरने वही मिटली. "नाही. हो म्हणायला काही नाही आणि नाही म्हणायलाही काही नाही. त्यालासुद्धा मी हेच सांगितलं."

"कुणाला?"

सिस्टरने जीभ चावली. मग भिंग खाली ठेवलं.

"पंधरा दिवस झाले. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती त्याने. म्हातारी झाले मी, पोटात काही राहत नाही." तिने वह्या एकीवर एक ठेवल्या. "वह्या उघडायच्या आधी म्हणाला, 'काही निघालं तर तिला कळू देऊ नका. सांतियागोला काम मिळालं म्हणून मी निघून जाईन. तिला वाटू दे मी फसवलं. तेवढं ती सोसेल. हे नाही सोसणार.'"

एमेलिनाने वरच्या वहीवर हात ठेवला.

"आणि काही निघालं नाही, हे कळल्यावर?"

"तासभर बसून होता, तू बसली आहेस त्याच खुर्चीत. 'एकदा नाही म्हणा सिस्टर, एकदाच,' असं किती वेळा म्हणाला. मी खोटं कसं बोलू?"

परतताना धक्क्यावर सेराफिनचीच लाँच लागली होती. एमेलिनाला हवानाच्या बाजूने येताना पाहून त्याच्या हातातला दोर थांबला.

"तू इकडून कशी?"

"सिस्टर उर्सुलाकडे गेले होते."

लाँच सुटली. तो दोराचं वेटोळं घालत राहिला. एकदा घालून झालेलं त्याने सोडलं आणि पुन्हा घातलं. प्रवासी पुढच्या बाजूला वाऱ्याला उभे होते. मागच्या बाकावर ती एकटीच होती.

"त्यांनी सांगितलं, मी येऊन गेलो ते?"

"सांगितलं."

"मग तुला माहीत आहे." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "वहीत काहीच नाही. मी रोज ठरवतो की आता विचार करायचा नाही. मग तू धक्क्यावर येतेस."

एमेलिनाने त्याच्या हातांकडे पाहिलं. दोराने सोललेले, जाड हात. हा माणूस तिच्यासाठी फसवा म्हणवून घ्यायला निघाला होता.

"तू गेल्यावर त्यांना आणखी एक वही सापडली," ती म्हणाली. "सुइणींची. त्यात माझ्या आईचं आहे."

त्याने मान वर केली.

"ती स्पेनच्या कानारी बेटांवरची होती. शहाण्णव सालीच जहाजाने आली. पोटात मी होते. एक्क्याण्णवला ती इथे नव्हतीच, सेराफिन. सिस्टर म्हणाल्या, नाही. स्पष्ट नाही म्हणाल्या."

इतकं सरळ, न अडखळता आपल्याला बोलता आलं, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. सेराफिनने दोर खुंटीला अडकवला. मग तो तिच्याजवळ येऊन बसला. काम चालू असताना तो कधीच बसत नसे.

"कानारी बेटांवरची," तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "म्हणजे तुला आई मिळाली, एमेलिना."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने त्याचा हात हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "मिळाली."

चर्चमध्ये त्यांच्या लग्नाची जाहीर पुकार झाली तेव्हा कांदिता मावशीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या आणि पाद्रीबाबांचा ओरडा खाल्ला. सेराफिन पुन्हा बोलू लागला होता, पूर्वीपेक्षा जास्तच. एका कानारी खलाशाकडून त्याने तिच्यासाठी एक रंगीत कार्ड मिळवलं. उंच डोंगर, पायथ्याशी पांढरी घरं. "तुझ्या आईचा मुलूख," तो म्हणाला. त्यांच्या होणाऱ्या खोलीत पलंगाच्या वर त्याने ते स्वतः खिळ्याने ठोकलं आणि ते सरळ लागलं की नाही, हे चारदा मागे सरून पाहिलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, एमेलिना पाद्रीबाबांपुढे पापांची कबुली द्यायला गेली. लाकडी जाळीशी गुडघे टेकून तिने सगळं आठवून आठवून सांगितलं. कारखान्यातली दोन चांगली पानं म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या चिरुटासाठी एप्रनआड आणली होती. मावशीचं वाईट व्हावं, असं एकदा मनात आलं होतं. दोन रविवार चर्चला आली नव्हती.

जाळीपलीकडे पाद्रीबाबा वाट बघत थांबले.

"आणखी काही, मुली?"

बाहेर सेराफिन पायरीवर उभा होता. कुणाशी तरी बोलताना मोठ्याने हसला, ते तिला आतपर्यंत ऐकू आलं.

"नाही, फादर," एमेलिना म्हणाली. "आणखी काही नाही."