एका सहीची जागा

कमळने अर्ज खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. शेवटच्या रकान्यात एकच सही हवी होती, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांची. तिथे सात अंगठे उमटले होते, निळे, ठसठशीत. एक तर थेट तिच्या नावावरच बसला होता. तुळशीराम अध्यक्षांची सही बिचारी कोपऱ्यात अंग चोरून होती.

अर्ज आजच अलिबागच्या कचेरीत द्यायचा होता. पुण्याला सहकारी संस्थांच्या व्यवस्थापकांसाठी नऊ महिन्यांचा वर्ग निघाला होता. कर्ज कुणाला द्यावं, भांडवल कसं उभारावं, असलं सगळं तिथे शिकवणार होते. तो वर्ग केला की कमळ नुसती हिशेबनीस राहणार नव्हती, सोसायटीची व्यवस्थापक होणार होती. सगळ्या कुलाबा जिल्ह्याला मिळून एक जागा. आणि जिच्या वहीत चार वर्षांत एक खाडाखोड सापडली नव्हती, तिचाच अर्ज असा बरबटलेला!

चूक तिचीच म्हणायची. काल तिने कागद अध्यक्षांना घरी नेऊ दिला. रेवसच्या कोळीवाड्यात मासळी पुरुष आणतात, पण विकतात बायका, आणि पैसा त्यांच्याच कनवटीला असतो. त्यामुळे पैशाच्या कागदावर सही करायची तर गडी आधी घरी विचारून येतो. त्यासाठी कमिटीची सभासुद्धा मधेच उठते. कमळला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच?

अध्यक्षांची बायको सोनाबाई मासळीची पाटी दारात टेकवून उभी होती. अर्ज घेऊन तीच आली होती.

"सोनाबाई, हे काय केलंत?"

"कमी पडले का, बाय? मैना तेवढी ऱ्हायली. ती बाजाराला गेली व्हती."

"अहो, एकच सही लागत होती. अध्यक्षांची."

"अध्यक्ष काय, आज हाय, उद्या न्हाय. आमी कुठं जातो?"

कमळने तो रकाना बोटाने दाखवला.

"हा जामीन आहे. वर्ग करून मी परत आले नाही, तर सगळा खर्च सरकार तुमच्याकडून वसूल करेल. वाचून घेतलंत ना?"

"घरच्यानं वाचून दावला. दोनदा."

"मग?"

"मग काय? एसटी चुकंल तुजी."

एवढं बोलून ती पाटी उचलून चालती झाली.

कोळीवाड्याच्या याच बायकांनी चार वर्षांत साध्या पावतीवरही अंगठा दिला नव्हता. त्यांच्या सासवांच्या काळात एका व्यापाऱ्याने जाळ्यांची पावती म्हणून अंगठे घेतले आणि होड्या ओढून नेल्या. तेव्हापासून शाई दिसली की हात पदराखाली. कमळ आपली दर पावतीला अंगठ्याऐवजी दोन साक्षीदार शोधत वाळूतून हिंडायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

एसटीत तिने अर्ज मांडीवर उघडाच ठेवला. फाळणीत कराची सुटली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर कारकुनाने वडिलांना विचारलं होतं, इथे तुमची ओळख देणारं कोण आहे? वडिलांनी खूप वेळ विचार केला होता. मागची माणसं ढकलायला लागली, तरी त्यांना एकही नाव सुचलं नव्हतं. कमळने एकेका अंगठ्याकडे पाहिलं. कोकिळाबाईचा कुठला, गोदूबाईचा कुठला, ते तिला कळेना, पण तिला इतकं भरून आलं की शेजारच्या बाईने तिला गाडी लागते का म्हणून विचारलं.

कचेरीतल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठे मोजले.

"अहो बाई, हे काय? एका जामिनाची सही मागितली होती आम्ही."

"हो."

"तुमचं नावसुद्धा वाचता येत नाही इथे. असा कागद पुण्याला गेला तर बाजूला टाकतील. मग माझ्या हातात काही नाही." त्यांनी खणातून कोरा अर्ज काढून पुढे सरकवला. "स्वच्छ लिहून आणा. अध्यक्षांची सही पुरे. तुमच्यासाठी दोन दिवस थांबतो मी."

माणूस भला होता. कमळने कोरा अर्ज हातात घेतला. पांढरा, नीट आखलेला, तिला आवडायचा तसा. दोन दिवसांत सहज झालं असतं. सोनाबाईला कळलंही नसतं, आणि कळलं असतं तर ती बोलली नसती. फक्त पुढच्या पावतीला तिचा हात पदराखाली गेला असता.

तिने कोरा अर्ज टेबलावर परत ठेवला.

"साहेब, हाच घ्या."

"नाकारला तर वर्षभर थांबावं लागेल. पुढच्या वर्षी हा वर्ग निघेल की नाही, तेही सांगता येत नाही."

"थांबेन." तिने अंगठ्यांचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. "मी हा परत नेला तर त्या विचारतील, आमच्या अंगठ्यात काय खोट होती? मला सांगता येणार नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे. अर्ज स्वीकारल्याचा शिक्का उचलून त्यांनी कागदावर इकडेतिकडे जागा शोधली. कुठेच नव्हती. त्यांनी अर्ज पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध शिक्का मारला.