आर्वोच्या न्हाणीची पायरी आणि मी

हसू नका मित्रांनो, पण मी एक जुनी फळी आहे. साधीसुधी नव्हे हं! पुलाच्या मधल्या खांबाला मला खिळलं आहे आणि नदीचं पाणी किती चढलं ते मी सांगते. अंगावर मीटरचे आकडे आहेत. पाय नदीच्या तळाशी, आणि दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी माझं डोकं त्यांच्या वरच. उंचीचा थोडा तोरा आहे मला, लपवत नाही.

एल्मार सुताराने मला ओकच्या लाकडातून घडवलं. रंधा मारताना तो सारखा दम देत होता, "वाकडी निघालीस तर चुलीत घालीन!" मी घाबरून सरळच राहिले. मग त्याने मला पांढरा रंग दिला आणि त्यावर काळे आकडे काढले.

आमच्याकडे, एस्टोनियातल्या या दलदलीच्या मुलखात, चार ऋतूंनी भागत नाही. वसंतात बर्फ वितळला की नदी काठ सोडते, रानात आणि कुरणात पाणी पसरतं आणि लोक खुशीत म्हणतात, "पाचवा आला!" पाचवा म्हणजे पाचवा ऋतू. खोड कोरून केलेल्या होड्या बाहेर निघतात. दुकानात जायचं ते होडीने, आणि शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या त्या त्याच्या खिडकीला होडी लावून. पण कितीही लाडाचा असला तरी हा पाहुणा कधी येणार आणि किती जागा अडवणार, हे आधी कळायला नको का? म्हणून तर मला इथे उभं केलं.

माझा आकडा वाचायचं काम वाल्वेकडे होतं. तेव्हा ती ऐन तरुण होती. सकाळ-संध्याकाळ यायची, आकडा बघायची आणि फोनवरून शहरातल्या हवामान कार्यालयाला ओरडून सांगायची. फोन नसता तरी त्यांना ऐकू गेलं असतं! रानात साठलेला बर्फ, वरच्या अंगाच्या नद्या आणि माझा आकडा, या सगळ्याची सांगड घालून कार्यालयातली माणसं अंदाज सांगत, की अमुक दिवशी पाणी इतकं चढेल. अंदाज बरोबर निघाला की वाल्वे मला थोपटायची. "शाबास गं माझी बाई!" मी अगदी फुगून जायचे. लाकडाची असल्यामुळे खरोखरच फुगायचे.

मग एक दिवस पुलाच्या कठड्याखाली एक राखाडी डबी बसवली. ती आपली आपणच पाणी मोजते आणि परस्पर कार्यालयाला कळवते. वाल्वेला निवृत्तीचा निरोप मिळाला, फुलं मिळाली. मला कोणी काही म्हणालंसुद्धा नाही. अंगावर शेवाळ चढलं, पाखरांनी डोक्यावर घाण केली, आकडे झाकून गेले. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. त्या डबीशी तर मी बोलतच नसे.

आता तायमीचं सांगते. नवरा गेल्यापासून मेंढ्यांच्या जोरावर तिचं घर चालत होतं. मेंढ्यांचा गोठा नदीपलीकडच्या सखल कुरणात होता. त्या वसंतात तिच्या बहुतेक मेंढ्या गाभण होत्या, आज व्यायतात की उद्या अशा. पुलापलीकडची वाट तर आधीच पाण्याखाली गेलेली, आणि तशा मेंढीला होडीत घालायचं म्हणजे जिवावरचा खेळ. बिथरली तर कोकरू दगावतं. म्हणून जमेल तितके दिवस त्यांना जागचं हलवायचं नाही, असं तायमीने ठरवलं होतं. पण अंदाज आला, की रविवारी पाणी गोठ्यात शिरेल.

आता आमच्या गावाची एक खोड ऐका. इथे मीटर कोणी बोलत नाही. काठावर आर्वोची वाफेची न्हाणी आहे. पाणी तिच्या पायरीला लागलं की चार मीटर झालं, आणि तिथून गोठ्यात शिरायला एक दिवस. हे मोजमाप सगळ्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. तायमीही पायरी भिजायचीच वाट बघत होती.

शनिवारी सकाळी तायमीच्या फोनवर कार्यालयाकडून आलं, 'पाणी चार मीटर'. ती तरातरा पुलावर आली. आर्वो बर्चच्या झाडाचा गोड रस बादलीत घेऊन तिथूनच चालला होता.

"अरे, तुझी पायरी तर कोरडी ठणठणीत आहे!" तायमी म्हणाली. "कसले चार मीटर? डबीला थंडी बाधलेली दिसते."

"बाधणारच. बिचारीला कोणी न्हाणीत बसवत नाही ना!"

दोघं खो खो हसली. आणि इकडे पाणी माझ्या चाराच्या आकड्याला चाटत होतं! डबी खरं बोलत होती हो! आम्ही दोघी एकच आकडा सांगत होतो. पण ओरडायला तोंड कुठून आणू?

इतक्यात काठी टेकत वाल्वे आली. निवृत्त झाली तरी सकाळी पुलावर चक्कर मारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही.

"काय गं, सकाळी सकाळी दात काढताय?"

तायमीने सगळं सांगितलं. कठड्यावरून वाकून वाल्वेने काठीच्या टोकाने माझ्यावरचं शेवाळ खरवडायला सुरुवात केली.

"आर्वो, मागून धर मला. पडले तर गावाला काय तोंड दाखवशील?" मग तिने डोळे बारीक केले. "चार मीटर. वर दोन बोटं."

"शक्यच नाही, मावशी! पायरी बघा ना!"

"पायरीवर आकडे लिहिलेत का गं? या फळीने जन्मात माझी थट्टा केलेली नाही. आर्वो, खरं सांग, तुझ्या न्हाणीला काय केलंस?"

आर्वोचा चेहरा खर्रकन उतरला. "खालचे ओंडके कुजले होते. हिवाळ्याआधी बदलले. पुन्हा कुजू नयेत म्हणून खाली दगडांचा एक थर जास्त घातला... म्हणजे पायरीपण... तायमी, मी सांगायलाच विसरलो गं!"

"अरे मेल्या! अख्खं गाव तुझ्या पायरीवर चालतंय, आणि तू ती उचलून वर ठेवतोस?" तायमी कडाडली.

पण भांडायला वेळ कोणाला होता? बादली तिथेच टाकून दोघं धावत सुटली. वाल्वेने काठावरूनच हाका मारून गाव गोळा केलं. तिचा आवाज अजून तसाच आहे. होड्या निघाल्या. मेंढ्यांचे डोळे फडक्याने बांधून त्यांना एकेक करून होडीत निजवलं. एक मेंढी तर भर पाण्यात, होडीतच व्याली. आर्वोने अंगातला कोट काढून ओल्या कोकराला गुंडाळलं आणि नुसत्या सदऱ्यावर वल्हवत राहिला. शेवटची होडी निघाली तेव्हा रविवारची पहाट झाली होती आणि गोठ्याच्या उंबऱ्यावरून पाणी आत यायला लागलं होतं. अलीकडे, आर्वोच्या उंचावरच्या अंगणात सगळ्या मेंढ्या पोचल्या आणि तायमी मटकन खाली बसून हमसाहमशी रडली. आर्वोने तिला काळ्या पावाचा तुकडा दिला. तिने तो घेतला, आणि रडत रडत त्याला आणखी दोन शिव्या दिल्या.

त्याच दिवशी दुपारी ती रंगाचा डबा घेऊन होडीतून माझ्याजवळ आली. पाण्याच्या वर राहिलेले माझे सगळे आकडे तिने घासून पुसून नव्याने रंगवले. जाताना फडक्याने डबीचं तोंडही पुसलं. "तूसुद्धा खरंच सांगत होतीस गं," म्हणाली. तेव्हापासून डबीशी माझा अबोला संपला.

मित्रांनो, तुमच्याही नदीवर माझी एखादी बहीण असेल. जाता-येता तिचे आकडे दिसतात का, एवढं बघा. नसतील दिसत तर पुसा. आणि अंदाज आला की आपल्या डोळ्यांना पटत नाही म्हणून त्याला हसू नका. नीट चौकशी करा.

त्या रविवारी संध्याकाळी पाणी अंदाजाइतकंच चढलं. पलीकडच्या रिकाम्या गोठ्याचं दार अर्धं पाण्यात बुडालं होतं. पुलावर उभं राहून तायमीने माझा आकडा मोठ्याने वाचला. तिचा आवाज ऐकून मेंढ्यांना वाटलं, दाणा आला. आर्वोच्या अंगणातून त्या सगळ्या एकदम ओरडल्या, कोकरांसकट.