चंपाबाईंचं चौथं शील

"विचारमंचावर उपस्थित सर्व मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो..."

"आई, मंच नाहीये. पलंग आहे," कॅमेऱ्यामागून प्रबुद्ध कळवळला. "साधं बोल ना. कुंडलिक कोण, एवढंच सांग."

चंपाबाईंनी पांढऱ्या साडीचा पदर नीट केला, माईकची काठी धरून उभ्या असलेल्या कुंडलिककडे एकदा पाहिलं, आणि बिल्डिंगीच्या पाण्याच्या टाकीच्या प्रश्नावर बोलू लागल्या. टाकीचा विषय संपल्यावर लिफ्टचा घेतला. त्यांना माईकपुढं बोलायची एकच रीत ठाऊक होती, जयंतीच्या भाषणाची, आणि त्यात घरची गोष्ट कुठं बसवायची ते कळत नव्हतं.

प्रबुद्ध एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. ही फिल्म मात्र त्याची स्वतःची होती. मुलुंड-घाटकोपरकडच्या त्याच्यासारख्या बौद्ध पोरापोरींची; पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बाया, त्यांची घरं, त्यांची वंदना. "पिक्चरमध्ये आम्ही नसतोच. असलो तर हसण्यापुरते," तो म्हणायचा. सगळं शूट झालं होतं, घोडं अडलं होतं ते आयांपाशी. एकाचीही आई कॅमेऱ्यापुढं यायला तयार नव्हती. चंपाबाई हौसेनं तयार झाल्या, आणि आता ही टाकी.

कुंडलिक प्रबुद्धसोबत या घरात राहायला येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. चंपाबाई आधी रडल्या, मग अबोला धरून बसल्या, आणि पुढं तो भाकऱ्या आपल्यापेक्षा बऱ्या थापतो हे कळल्यावर त्यांचा त्याच्यावर जीव जडला. लोकांना सांगायचं तेवढं राहिलं. शेजारच्या शकुला त्यांनी सांगितलं, कॉम्प्युटर दुरुस्त करायला येतो. विहाराच्या धोंडिरामभाऊंना सांगितलं, भाचा. दूधवाल्याला पेइंग गेस्ट. कोणाला काय सांगितलंय हे लक्षात ठेवता ठेवता त्या मेटाकुटीला यायच्या. पण दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसून बायकांना वंदना त्याच सांगायच्या. लोकांनी तोंडं फिरवली, ती जागा गेली, तर मग आपल्याला राहिलं काय, ही धास्ती होती.

"चहा करतो मावशी, मग बघू," म्हणत कुंडलिकनं माईक खाली ठेवला. तेवढ्यात डबा परत द्यायला शकुबाई आल्या आणि लॅपटॉपवर प्रबुद्धनं विहारात शूट केलेली वंदना चालू दिसताच फतकल मारून बसल्या.

"अगो बाई, मी एवढी जाड दिसते? कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड आहे रे." मग त्या पुढं वाकल्या. "चंपे, तुझं तोंड का बंद?"

सगळ्यांनी पाहिलं. पंचशील चालू होतं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चंपाबाई खणखणीत. चौथ्याला, खोटं बोलणार नाही या शीलाला, ओठ घट्ट मिटलेले. पाचव्याला पुन्हा खणखणीत. प्रबुद्धनं दुसऱ्या रविवारचं लावलं. साडी वेगळी, तोंड तसंच.

"खोकला येतो," चंपाबाई म्हणाल्या.

"दर रविवारी? बरोबर चौथ्यालाच?" शकुबाई म्हणाल्या.

"मग काय करू?" चंपाबाई उसळल्या. "बुद्धांसमोर शील घ्यायचं आणि दारात येऊन तुला थापा मारायच्या? घेतलंच नाही तर मोडणार कुठून!"

कुंडलिक चहाचे कप हातात घेऊन तसाच उभा राहिला. "माझ्यामुळं ना, मावशी?" तो म्हणाला. "हे फिल्ममधनं काढून टाकू."

"राहू दे आई, नको बोलूस," प्रबुद्ध लॅपटॉप मिटत म्हणाला.

"आणि मला सांगायचीस, कॉम्प्युटरवाला," शकुबाईंनी कप उचलला. "कॉम्प्युटरवाला गॅलरीत चड्ड्या वाळत घालतो का गं? मी काय आंधळी आहे?"

चंपाबाईंना एकदम लाज वाटली. शकुपुढं नाही. कप धरून उभ्या असलेल्या त्या पोरापुढं वाटली.

रविवारी विहार भरला होता. प्रबुद्ध कॅमेऱ्यामागं होता, आणि कुंडलिक माईकची काठी घेऊन दाराशी, चंपाबाई त्याला नेहमी उभं करायच्या तिथंच. वंदना सुरू व्हायच्या आधी चंपाबाई उठल्या.

"विचारमंचावर उपस्थित सर्व मान्यवर..."

"चंपाबाई, आज कार्यक्रम नाहीये," धोंडिरामभाऊ म्हणाले.

"ठाऊक आहे. भाऊ, हा कुंडलिक. तुम्हाला भाचा म्हणून सांगितला होता. भाचा नाही. माझ्या प्रबुद्धचा जोडीदार आहे. आमच्या घरचा आहे. पुढं ये रे, दारात काय उभा!"

कुंडलिक काठीसकट पुढं आला. मागच्या रांगेतल्या दोघीजणी उठून चपला घालून गेल्या. चंपाबाईंच्या शेजारचीनं आपली चटई जरा लांब ओढली. मधल्या रिकाम्या जागेत शकुबाई येऊन धप्पकन बसल्या. धोंडिरामभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कोणाकडे न बघता त्यांनी वंदनेला सुरुवात केली.

चौथं शील आलं. चंपाबाईंनी ते सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं. सवय मोडल्यामुळं आवाज मधेच चिरकला.

त्या शॉटमध्ये डोळे पुसायला गेलेल्या कुंडलिकचा माईक एकाएकी खाली उतरलेला दिसतो. धंद्यात असा शॉट कोणी ठेवत नाही. प्रबुद्धनं ठेवला. माईकआड आपलं तोंडच झाकलं गेलं, अशी शकुबाईंची तक्रार अजून चालू आहे. चंपाबाईंचं मात्र दिसतं, चौथ्या शीलाला चांगलं उघडलेलं.