पागा खाली गेली पाहिजे

छत्रीबागेतल्या लोकांना आपल्या संघाचा खेळ बघून सुख असं फारसं कधी मिळालं नाही. त्यामुळे ते दुसऱ्याच्या दुःखावर भागवत, आणि यंदा दुःखाचा पुरवठा भरपूर होता. नदीपलीकडची पागा इलेव्हन, म्हणजे छत्रीबाग फ्रेंड्सची साठ वर्षांची वैरीण, इंदूर शहर लीगच्या 'अ' गटातून 'ब' गटात घसरायच्या बेतात होती. शेवटचा एकच सामना उरला होता, रविवारी दुपारी चार वाजता, आणि तोही नेमका छत्रीबागेशी. पागा हरली तर खाली जाणार होती, नुसती बरोबरी केली तरी वाचणार होती.

रविवारी सकाळी पोह्यांच्या दुकानापुढच्या बाकड्यावर याच विषयाचा चोथा करणं चालू होतं. छत्रीबागचे सेक्रेटरी लक्ष्मीकांत दिघे मधोमध बसले होते. पॉलिटेक्निकात छत्तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून गेल्या साली रिटायर झालेले, म्हणून सगळ्यांचे दिघे सर. वाकडी रेघ दिसली की त्यांचा हात अजूनही खोडरबर शोधायचा, आणि क्लबच्या कारभारात सरळ रेघ अशी कुठे नव्हतीच.

"सर, मी केक ऑर्डर केलाय," शंतनु म्हणाला. हा विजय नगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि क्लबचा सगळ्यात मोठ्या तोंडाचा चाहता होता. "वर लिहिलंय, पागा, बी ग्रुप में आपका स्वागत है."

"एगलेस आहे ना?" त्याची धाकटी बहीण शमिका म्हणाली. "सर नाही खात."

"मॅच अजून व्हायची आहे," सर म्हणाले.

"होऊन गेली समजा, सर. ज्या टीमचा ओनर असा, ती टीम वाचते का? तीन सीझनमध्ये पाच कोच. आणि काढतो कसा? व्हॉट्सअ‍ॅपवर! शेवटच्या कोचला तर मॅच चालू असताना मेसेज आला. बिचारा बेंचवर बसून वाचून रिया था."

पागेचे मालक धनेशजी, विजय नगरात कोचिंग क्लासचे तीन मजले चालवणारे. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की जो पहिला येतो त्याचा फोटो बोर्डावर लागतो. त्यांनी पागेचा जुना तांबडा रंग काढून पोपटी शर्ट आणले होते, आणि शर्टाच्या पाठीवर खेळाडूच्या नंबरापेक्षा क्लासचा फोन नंबर मोठा होता. पागेतली जुनी पोरं काढून त्यांनी कुठून कुठून खेळाडू भरले होते. दर महिन्याला सगळ्यांची लेखी परीक्षा व्हायची म्हणे. बचावातल्या एका स्टॉपरला ऑफसाइडवर निबंध लिहायला सांगितला होता, ही अफवा होती, पण छत्रीबागेत ती शपथेवर सांगत.

"असा माणूस क्लब घेतो आणि कुणी काही बोलत नाही," सर चिडून म्हणाले. "अकलेचं दिवाळं निघालंय नुसतं."

"पण पागा गेली तर पुढच्या वर्षी अपन खेळायचं कुणाशी?" शमिकाने विचारलं. "राऊ गावच्या टीमशी? त्यांना शिवी द्यायचं पण मन नाही होत."

"अगं, दर साल फुकटचे पॉइंट मिळायचे ते गेले, बस," शंतनु म्हणाला.

"फुकटचे?" सरांनी प्लेट खाली ठेवली. "गेल्या पाच मॅचमध्ये तीनदा त्यांनी आपल्याला धुतलंय. आपण स्वतः खालून चौथे आहोत, याची आहे का कुणाला आठवण? आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला!"

"सर, तुम्ही पण ना," शंतनु म्हणाला. "सकाळी सकाळी मूड ऑफ करून टाकता."

सरांनी कपाळाला हात लावला. हे लोक वैरी बुडतोय म्हणून नाचत होते, आणि वैरी गेल्यावर आपल्याला तरी कोण विचारणार, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. अकरा वाजायला आले तसे ते उठले, कारण आज यादी वाचायची होती.

यादी वाचणं ही या दोन क्लबांची जुनी रीत होती. सामन्याच्या दिवशी पाहुण्या संघाचा सेक्रेटरी यजमानाच्या घरी आपली खेळाडूंची यादी घेऊन जायचा. दोघं एकमेकांच्या याद्या मोठ्याने वाचत. आक्षेप असेल तर तो तिथेच, तोंडावर घ्यायचा. सह्या झाल्या की विषय संपला, मग लीगच्या ऑफिसात कुणी अर्ज घेऊन जायचं नाही. लीगच्या नियमांत ही रीत कुठेच नव्हती. तरी साठ वर्षांत ती एकदाही मोडली नव्हती.

पागेचे दौलतराव लांभाते अकराच्या ठोक्याला आले. पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, त्यामुळे स्कूटरवरसुद्धा ते ताठ बसायचे. धनेशजींनी त्यांचं सेक्रेटरीपद काढून घेतलं होतं, पण कागद दुसऱ्या कुणाला समजत नव्हते म्हणून कागदांपुरते ठेवले होते. सर आणि ते शाळेत एका बाकावर होते. फुटबॉलवर नीट, डोकं ठिकाणावर ठेवून बोलता येईल असा आख्ख्या इंदुरात सरांना हा एकच माणूस उरला होता, आणि तो नेमका पागेचा होता.

सरांच्या बायकोने, शारदाबाईंनी चहा आणून ठेवला. सर यादी वाचू लागले आणि सातव्या नावावर थांबले.

"ऋषभ? याला मागच्या रविवारी लाल कार्ड मिळालं ना? मी होतो मैदानावर. पंचाला धक्का मारलान त्याने."

"पुढे वाच."

"पुढे काय वाचू? एका मॅचची बंदी आहे. खेळला तर पॉइंट कापतील तुमचे."

"ठाऊक आहे मला," दौलतराव म्हणाले. "सही कर. आणि उद्या सकाळी लीगच्या ऑफिसात अर्ज टाक, की पागेने बंदीवाला खेळाडू खेळवला."

"दौलत, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? खाली जाल!"

"जायचंच आहे. खाली गेलो की पागा परत आमची. नाव, रंग, मैदान, सगळं. लिहिलंय करारात."

"कुठल्या करारात?"

"ज्यावर साक्षीदार म्हणून तू सही केलीस त्या."

सरांचा चेहरा उतरला. एक क्लब विकला की दुसऱ्याच्या सेक्रेटरीने साक्षीला सही करायची, हीसुद्धा रीतच. तीन वर्षांपूर्वी दौलतराव कागद घेऊन आले होते तेव्हा सरांनी तो स्कूटरच्या सीटवर ठेवून, एक ओळ न वाचता सही ठोकली होती. विद्यार्थ्यांच्या शीटवर अर्ध्या मिलिमीटरसाठी मार्क कापणारा माणूस, पण त्या दिवशी मनात आनंदाची एकच उकळी होती, की हा क्लासवाला पागेला बुडवणार. आणि तेव्हापासून दर रविवारी बाकड्यावर बसून ते त्याच मालकाला शिव्या घालत होते.

"मी लिहवून घेतलं होतं," दौलतराव सांगू लागले. "तीन सीझनमध्ये कधी पण टीम खाली गेली, तर क्लब जुन्या मेंबरांना परत. तो हसला. म्हणाला, 'बी ग्रुप? हम? लिख लो अंकल, जो लिखना है लिख लो.' हा तिसरा सीझन आहे, लक्ष्या. आज नाही तर मग कधीच नाही. नंतर तो पागेला भोपाळला नेईल नाही तर क्लासचं नाव देईल, कोण विचारणार त्याला?"

"मग हरा ना सरळ!"

"हरू? तुमच्याशी?" दौलतराव कडवट हसले. "तुमचा सेंटर फॉरवर्ड कॉर्नरच्या झेंड्याला पास देतो. माझा भरोसा नाही तुमच्यावर. अर्ज टाकलास की काम पक्कं."

सरांना हो म्हणावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. दौलतरावांनी आयुष्यात त्यांच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. पण यादीवर आपली सही आणि खाली आपलाच अर्ज, हे डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना वाकडी रेघ दिसल्यासारखं झालं.

"सही करून मग अर्ज? साठ वर्षांत तुमच्याकडून कुणी केलं? आमच्याकडून केलं?"

"साठ वर्षांत पागेच्या पाठीवर फोन नंबर पण नव्हता."

"नाही जमणार, दौलत. मैदानावर पाडतो तुम्हाला. शब्द देतो. पण हे नाही."

"शब्द देऊन गोल होत असते तर..." सरांनी ऋषभच्या नावावर पट्टीने आखल्यासारखी रेघ मारली. दौलतरावांनी त्या जागी बेंचवरच्या तुकोजीचं नाव लिहिलं. तुकोजी पस्तिशीचा, पागेतल्या जुन्या पोरांपैकी शेवटचा उरलेला. तीन महिन्यांत त्याने मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. दोघांनी सह्या केल्या आणि दौलतराव उठून गेले.

"चहा तसाच?" शारदाबाई बाहेर आल्या. "भांडलात काय?"

"नाही. मी बरोबर वागलो."

"म्हणजे भांडलातच."

मैदानावर शंतनुला हे कळलं तेव्हा तो केकचा डबा हातात घेऊन उभ्या उभ्या ओरडला. "सर! वाढलेलं ताट समोर आलं होतं, तुम्ही लाथ मारली?"

"सरांचं बरोबर आहे," शमिका म्हणाली.

"बरोबर आहे, म्हणून तर राग येऊन रिया है!"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा खेळाडूंसमोर हात जोडले. "बाबांनो, आज जिंका. कसेही खेळा, पण जिंका." खेळाडूंनी माना डोलावल्या आणि नेहमीसारखेच वाईट खेळायला लागले. पण पागा त्याहून वाईट होती. तिसाव्या मिनिटाला पागेच्या एका भाड्याच्या बॅकने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला. छत्रीबाग एक, पागा शून्य. शंतनुने केकच्या डब्याची दोरी सोडली.

सरांनी पलीकडे पाहिलं. दौलतराव गुडघ्यांवर हात ठेवून एकटेच बसले होते, चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्या शेजारी धनेशजी परीक्षेच्या हॉलबाहेरच्या बापासारखे ओरडत होते, "अटेम्प्ट करो! कोई तो अटेम्प्ट करो!" सरांच्या मनात आलं, झालं, सगळं सरळ झालं. दौलतला पागा मिळाली आणि आपली सहीपण राहिली.

पण छत्रीबागला दुसरा गोल काही होईना. एक चेंडू खांबाला लागला. एक सेंटर फॉरवर्डने मोकळ्या गोलसमोरून आकाशात मारला. सर रेघेवरून पळत होते, "अरे सरळ मार! सरळ! सरळ काय असतं ते माहितेय का कुणाला!" घसा बसला. घड्याळाचा काटा चिकटल्यासारखा वाटत होता.

दोन मिनिटं उरलेली असताना पागेला कॉर्नर मिळाला. तुकोजी धापा टाकत, कमरेवर हात ठेवून पेनल्टी बॉक्समध्ये उभा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. चेंडू आला, त्याच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. एक एक.

पलीकडून जो आवाज उठला तो धनेशजींचा नव्हता. पागेतली जुनी माणसं, जी तीन वर्षं पोपटी शर्टाकडे बघून तोंड फिरवत आली होती, ती मैदानात धावली. आणि सगळ्यांच्या पुढे दौलतराव, हात वर करून, एकसष्टाव्या वर्षी, तुकोजीच्या गळ्यात पडले. दोघं रडत होते.

सर तरातरा तिथवर गेले. "नाचतोस काय मूर्खा! तुला हरायचं होतं ना?"

दौलतराव तुकोजीच्या खांद्यावरचा हात न काढता थांबले. "हो रे," ते धापा टाकत म्हणाले. "हरायचंच होतं. पण गोल आपल्या तुकोजीने मारला."

पंचांनी सगळ्यांना बाहेर काढलं. सर आपल्या पोरांवर ओरडत राहिले, हातवारे करत राहिले, आणि राहिलेल्या वेळात छत्रीबागने चेंडू तीनदा बाहेर घालवला. शिट्टी वाजली. पागा वाचली.

धनेशजी नाचत आले आणि त्यांनी दौलतरावांना मिठी मारली. "अंकल, ऋषभ को बाहर करके क्या चेंज मारा! जबरदस्त! अब देखना, मेरे पास पाँच साल का प्लान है. और अगले साल से पेपरवर्क सब ऑनलाइन, आप आराम करो." आणि ते फोटो काढायला निघून गेले.

केक कुणी उघडला नाही. शमिका शंतनुला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. सर मैदानाच्या कडेला दौलतरावांजवळ उभे राहिले. दौलतरावांनी आईवरून शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"तू बरोबर वागलास, लक्ष्या," दौलतराव म्हणाले.

"माहितेय मला, मी बरोबर वागलो!" सर बसलेल्या घशाने ओरडले. डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्यांना राग येत होता. "सगळं बरोबर केलं, मग तुझी पागा गेली कशी?"

"गेली कुठे?" दौलतराव म्हणाले. "'अ' ग्रुपमध्येच आहे की." आणि ते तुकोजीला पाणी द्यायला गेले.