दुसऱ्या रकान्यातला आकडा

लॅबमधल्या अक्का निवृत्त झाल्यापासून ती एकटीच पेशी मोजत होती.

नियम साधा होता. पेशींची एकच काच दोघींनी सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळी पाहायची आणि एकमेकींचा आकडा न बघता वहीत आपापल्या रकान्यात लिहायचा. गुणसूत्राच्या कमरेशी, म्हणजे सेंट्रोमिअरवर, लावलेला रंग अंधारात चमकतो. तिथल्या डीएनएची नक्कल होऊन प्रती सुट्या झाल्या की एका ठिपक्याचे दोन दिसतात. निरोगी पेशीत आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र जोडीनं चालतं. बिघडलेल्या पेशीत एक पुढे पळतं, दुसरं रेंगाळतं; एकाचे ठिपके दोन, दुसऱ्याचा अजून एकच. शंभरात अशा तीसच्या वर सापडल्या, की त्यांच्या लॅबच्या लेखी नमुना कर्करोगासाठी संशयास्पद.

"नवीन माणूस मिळेपर्यंत दोन्ही रकाने तूच भर," साहेब म्हणाले होते. "सकाळी एकदा, दुपारी एकदा."

त्याला आठ महिने झाले. आजची काच एका शाळामास्तरांची होती. उद्या डॉक्टर त्यांना काय सांगणार ते या आकड्यावर ठरणार होतं. सकाळी एकतीस. डबा खाऊन आल्यावर पुन्हा एकतीस. पण शेवटच्या दहा पेशींत ती मोजतच नव्हती, एकतिसाची वाट बघत होती. हे ध्यानात आलं आणि तिनं एकेका पेशीचा फोटो काढला.

तिनं बिननावाचे शंभर फोटो अक्कांना पाठवले. तासाभरानं फोन वाजला.

"अठ्ठावीस."

"एकतीस, अक्का."

"बावन्नावी पेशी बघ. डावीकडे एकच ठिपका आहे, जाडसर."

"दोन आहेत. चष्मा पुसा."

"माझा चष्मा राहू दे. एकटीनं बसून बसून तुला जिथेतिथे जोड्या दिसायला लागल्यात!"

ती हसली. त्या खोलीत किती दिवसांनी, तिलाही आठवेना.

"आणि काय गं," अक्कांनी विचारलं, "इतके दिवस माझा रकाना कोण भरतंय?"

तिनं वही पुढ्यात ओढली.

"साहेबांना सांग, एकटीचे दोन आकडे चालायचे नाहीत. ओरडतील, ओरडू देत. या नमुन्याची नवी काच करा. आणि मागच्या काचांचेही फोटो मला पाठव, घरी माशाच मारतेय."

फोन ठेवून तिनं दुसऱ्या रकान्यातलं एकतीस खोडलं, अठ्ठावीस लिहिलं. मग जुनी पानं उलटली. पानोपानी दोन्ही आकडे जुळलेले. आठ महिन्यांत एकही भांडण नाही.

वही उचलून ती साहेबांच्या खोलीकडे निघाली.