चिंधीचा वेल

काकडी तोडायला वाकलं की कंबर बोलायची आणि सरळ झालं की गुडघे उत्तर द्यायचे. हंगामाच्या शेवटाला सूनबाईच्या अंगात हा संवाद दिवसभर चालू असायचा, आणि तिला स्वतःला मध्ये एक शब्द बोलायला मिळत नसे.

वेल पिवळे पडत चालले होते. माती भाजून तिला भेगा गेल्या होत्या आणि वारा सुटला तरी तो चुलीतून निघाल्यासारखा यायचा. पानांची कुसळं कोपरापर्यंत टोचून टोचून हात लाल झाले होते. तरी रोज सकाळी रांगा पालथ्या घालायच्या, क्रेट भरायचे आणि टेम्पोवाल्याची वाट बघायची. एक दिवस तोडायचं राहिलं, तर काकडी फुगून नांगराच्या दांड्याएवढी होते आणि मग तिला म्हशीशिवाय गिऱ्हाईक नाही.

टेम्पोवाला हळूच येणारा माणूस नव्हता. टेम्पोचा हॉर्न बिघडला होता आणि दुरुस्तीचा खर्च वाचवायला तो स्वतःच ओरडत यायचा. त्या दिवशी मात्र तो गप आला.

"वहिनी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागवायला ताकद लागते. सांगा."

"काकडी कडू निघतेय. सगळी नाही. एखादीच. पण गिऱ्हाईकाच्या तोंडात नेमकी तीच जाते." त्यानं क्रेट उचलला आणि परत खाली ठेवला. "आजवर तुमची काकडी म्हटलं की लोक देठासकट खायचे. आता चाखून घेतो म्हणतात. मी काय काय चाखवू? निम्मा टेम्पो चाखण्यातच जायचा."

सूनबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याकडे जगातल्या सगळ्या प्रश्नांना दोनच उत्तरं होती. एक 'ऊन आहे' आणि दुसरं 'बघू'.

"ऊन आहे," तो म्हणाला.

उन्हानं काकडी कडू होते हे खरंच. त्यामुळे सूनबाईनंही तेवढ्यावर भागवलं आणि घरी येऊन चहा टाकला.

मामंजी दारातल्या बाजेवर बसले होते. तिनं त्यांना कप दिला, दुसरा स्वतः तोंडाला लावला आणि पळत मोरीत जाऊन थुंकली. डोळ्यांवर झापड होती, हात सवयीनं चालत होता आणि साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. चांगलं सढळ हातानं. ती घाबरत दारात आली. मामंजींनी कप रिकामा करून उपडा घातला होता.

"चहा झकास झालाय आज," ते म्हणाले.

लग्न होऊन ती या घरात आल्यापासून या माणसानं तिच्या हाताचं फार तर 'बरं आहे' म्हटलं होतं, आणि तेही एकदाच, अंगात ताप असताना. तिला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा आता जातोय. मग तिच्या लक्षात आलं की म्हातारा ठणठणीत आहे, त्याची जीभ गेली आहे. आणि मग तिला चिंधी आठवली.

या घराची काकडी गोड होती ती चिंधीमुळे. दर हंगामाच्या शेवटी मामंजी एकेका वेलाची काकडी तोडून, देठाकडून चावून बघायचे. सगळ्यात गोड निघेल त्या वेलाच्या काठीला आपल्या जुन्या निळ्या सदऱ्याची चिंधी बांधायचे. मग त्या वेलाच्या काकड्यांना त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. त्या पिकून पिवळ्याधमक व्हायच्या आणि त्यांचंच बी पुढच्या वर्षी शेतात पडायचं. म्हाताऱ्याची पाठ गेली तेव्हा कुदळ पोराकडे आली. डोळे अधू झाले तेव्हा बाजार सुनेकडे आला. चिंधी तेवढी त्याच्या हातात उरली होती.

आणि ती चिंधी चारच दिवसांपूर्वी बांधून झाली होती.

दुपारी म्हातारा घोरायला लागल्यावर सूनबाई बांधाकडच्या त्या वेलापाशी गेली. लहानशी काकडी तोडून देठाकडून चावली. जीभ आतल्या आत गोळा झाली, कान गरम झाले. कारल्यानंही लाजावं इतकी कडू. आता तिला सगळं उमगलं. मागच्या साली म्हाताऱ्याची जीभ निम्मी गेली होती, म्हणून यंदा एखादी कडू. आता पुरती गेली, म्हणजे पुढच्या साली सगळं रान कडू. आणि या रानात काकडीशिवाय दुसरं काही तगत नव्हतं.

तिनं भराभर चार-सहा वेल चाखले. विहिरीकडचा एक असा गोड निघाला की तिनं अख्खी काकडी तिथंच संपवली. चिंधी सोडून त्या काठीला बांधली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं घरी आली.

दुसऱ्या दुपारी चिंधी मधल्या रांगेत होती.

म्हाताऱ्यानं ओळखलं की काय! तिनं चिंधी परत विहिरीकडे नेली. तिसऱ्या दुपारी बघते तर चिंधी बांधाकडे, पहिल्याच काठीवर, वाऱ्यानं फडफडतेय. सूनबाई सरीतच खाली बसली. हिंडणारी शेळी असते, हिंडणारी चिंधी तिनं ऐकली नव्हती.

तेवढ्यात पानं सळसळली आणि हातात दोरी घेतलेला नवरा बाहेर आला. तिला बघून तो थबकला.

"तुम्ही इथं काय करताय?"

"दोरी," नवरा म्हणाला.

"दोरीचं काय?"

"बघू."

एवढ्यात दुसऱ्या बाजूनं आत्याबाई आल्या. ही म्हाताऱ्याची धाकटी बहीण. वय झालं होतं, पण कान सोडून सगळं शाबूत असल्याचा तिचा दावा होता.

"आत्याबाई, तुम्ही?"

"मी जरा उन्हात बसायला आले."

डोक्यावर ऊन असं तापलं होतं की कावळा झाडाखालून हलत नव्हता. शेवटी नवराच बोलला.

"आबांनी परवा कच्चं कारलं खाल्लं. काकडी समजून. वर म्हणाले, यंदा माल चांगलाय."

"मला काढ्यावरून कळलं," आत्याबाई म्हणाल्या. "दिला तर दादा म्हणाला, अजून दे."

मग एकेक उलगडत गेलं. नवऱ्यानं विहिरीकडची चिंधी बघून ती म्हाताऱ्यानंच बांधली असं समजून मधल्या रांगेत नेली होती. आत्याबाईंनीही ती विहिरीकडेच बघितली आणि तेच समजून बांधाकडे आणली होती.

"पण आत्याबाई, हाच तर कडू वेल! चाखून बघितलात का?"

"चाखायला दात कुठंयत मला? वेल कसा डौलदार दिसला, बांधली!"

सूनबाईनं कपाळाला हात लावला. "हे असं चालायचं नाही. कोणीतरी मामंजींना सांगायला हवं. अहो, तुम्ही मुलगा."

"बघू."

"आत्याबाई, तुम्ही बहीण."

"तो रागावला की बोलत नाही गं. मागं एकदा रागावला होता, तेव्हापासून अजून धड बोललेला नाही. तूच सांग. तुझं काय, तू बाहेरून आलेली."

"केस पिकले माझे या घरात! अजून मी बाहेरचीच?"

"पिकले असतील. पण बाहेरून आणलेलेच ना!"

तेवढ्यात काठी टेकत म्हातारा बांधावरून येताना दिसला आणि तिघं तीन दिशांना कामाला लागली. आत्याबाई तर चक्क क्रेट पुसायला लागल्या. म्हातारा चाचपडत चिंधीच्या वेलापाशी आला, बोटांनी गाठ तपासली आणि त्यातल्या त्यात मोठी काकडी तोडली.

"संध्याकाळी घरच्यांना खायला," तो म्हणाला. दर साली बियाण्याच्या वेलाची एक काकडी तो आपल्या हातानं कापून सगळ्यांना वाटायचा. या घरात कौतुक करून घ्यायचा तेवढाच एक दिवस.

दिवेलागणीला ताटं मांडली. म्हाताऱ्यानं काकडी कापली, प्रत्येकाला चांगल्या जाड फोडी दिल्या आणि स्वतः एक तोंडात टाकून डोळे मिटले.

"खडीसाखर!"

नवऱ्यानं फोड खाल्ली. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "ऊन आहे," तो कसाबसा म्हणाला. आत्याबाईंनी फोड न चावता गिळली आणि छातीवर हात ठेवून देवाला काहीतरी विचारलं. तेवढ्यात टेम्पोवाला रिकामे क्रेट द्यायला आला.

"ये, ये," म्हाताऱ्यानं त्याला बसवलं. "आमच्या काकडीला कडू म्हणतोस, गावात ऐकलं. हे खा."

टेम्पोवाल्यानं फोड तोंडात टाकली. त्याचा एक डोळा आपोआप मिटला. त्यानं सूनबाईकडे बघितलं, म्हाताऱ्याच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चावत राहिला.

"वा, आजोबा," तो म्हणाला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"डोळ्यात पाणी आलं बघा पोराच्या!" म्हातारा खूश झाला. "अशी काकडी खाल्लीच नसेल. घे, अजून घे."

टेम्पोवाल्यानं दुसरी फोड हातात घेतली आणि फाशीच्या दोराकडे बघावं तसा तिच्याकडे बघत बसला. सूनबाई बघत होती. तिच्यासकट चार धडधाकट माणसं जहर गिळत होती आणि एकालाही तोंड उघडायची हिंमत नव्हती. दिवसभराचा सगळा शीण तिच्या अंगातून एकदम वर आला. आता खोटं हसायलाही तिच्यात बळ उरलं नव्हतं.

"कडू आहे, मामंजी," ती म्हणाली. "कडूजहर आहे."

टेम्पोवाल्यानं फोड अलगद ताटाखाली सारली.

म्हातारा तोंडातला घास चावायचा थांबला. एकेकाच्या चेहऱ्याकडे बारीक डोळे करून बघत गेला. कोणी वर बघेना.

"कधीपासून?"

"मला कळलं ते चहाच्या दिवशी. चहात मीठ पडलं होतं माझ्याकडून."

"मीठ?"

"हो."

"आणि मी झकास म्हणालो?"

"हो."

म्हाताऱ्यानं ताट पुढे सारलं. मग म्हणाला, "एवढ्या वर्षांत एकदा तोंडातून चांगलं निघालं, ते मिठाच्या चहाला."

कोणी हसलं नाही. आत्याबाईंना ऐकूच आलं नव्हतं आणि बाकीच्यांना हसवेना. म्हातारा न जेवताच उठला.

सकाळी सूनबाई रांगेत शिरली तेव्हा तो बांधावर आधीच येऊन उभा होता. काठीवरची चिंधी त्यानं सोडली होती. नीट घडी घालून ती त्यानं तिच्या हातात ठेवली.

"चाख," तो म्हणाला. "मी मागून येतो."

आणि तो खरंच मागून आला, दर पावलाला बोलत. "देठाकडून चाव. बुडाशी सगळ्याच गोड लागतात. गिळू नको, थुंक. लगेच दुसरी नको, जिभेला दम घेऊ दे. किती घाई! बाजारातही अशीच घाई करतेस म्हणून भाव मिळत नाही." तिची कंबर बोलली, गुडघ्यांनी उत्तर दिलं, आणि आज त्यात सासऱ्याचीही भर पडली होती. तोडणी तशीच राहिली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती विहिरीकडच्या वेलापाशी थांबली आणि तिनं चिंधीची गाठ मारली.

"नक्की?"

"नक्की."

म्हाताऱ्यानं गाठ ओढून बघितली, सोडली आणि स्वतः परत बांधली. गाठ मात्र त्याला तिची पसंत पडली नव्हती.

घरी आल्यावर तिनं चहा टाकला. डबा उघडून आधी बोट बुडवून चाटलं, मग साखर घातली. म्हाताऱ्यानं घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग कपाच्या काठावरून तिच्या तोंडाकडे बघितलं. तीही आपला कप पीत होती आणि थुंकत नव्हती.

"बरा आहे," तो म्हणाला.

सूनबाईनं रिकामा कप घेतला आणि राहिलेल्या रांगा तोडायला गेली.