मामांची हायब्रिड, काकांची हायब्रिड

मित्रांनो, मी एक जुनी, पण चांगल्या घरची हायब्रिड गाडी आहे. पेट्रोल आणि बॅटरी, दोन्हींवर चालते. परदेशी कारखान्यात घडले. मुंबईच्या एका साहेबांनी मला काही वर्षं फार जपलं, आणि नवी गाडी दारात आली तशी विकून टाकलं. मी पोचले थेट मुरबाडला, काळूराममामांच्या गोठ्यात. हो, गोठ्यातच! दोन्हीकडे शर्यतीचे बैल, मधे मी. पहिले काही दिवस रडूच यायचं हो.

मामांची भाची भूमिका. तिची आई हिरा, मामांची धाकटी बहीण, पोर लहान असतानाच गेली. भूमिकाचं लग्न ठरलं तेव्हा मामा म्हणाले, "नवरीला मंडपात न्यायचा मान मामाचा. ती माझ्या गाडीतून जाईल."

पण तिच्या शहापूरच्या धोंडीकाकांनीही नुकतीच हायब्रिड घेतलेली, कोरी करकरीत. ते म्हणाले, "त्या म्हातारीतून? मंडपात पोचायची कवा? माझी दोनशेच्या वर पळते!"

मामा तापले. "पळंल रे, पन पिकअप बघ माझ्या गाडीचा! तुझी जागची हलंपर्यंत ही शंभरावर जाते."

खरं सांगू? दोघंही बरोबर होते. पण ऐकतो कोण! ठरलं, शर्यत लावायची. जिंकेल त्याच्या गाडीत नवरी.

आता गंमत ऐका. मामांनी उभा जन्म बैल पळवले. शर्यतीआधी जनावराला पोटभर घालायचं नाही, ते जड होतं, हे त्यांचं ठाम मत. झालं! माझा पेट्रोलपंप बंद. पिवळा दिवा लागला, तर मामा खूश. "बघ, कशी हलकी झाली!" मी टुंग टुंग वाजून बोंब मारत होते, त्यांना वाटलं मला चेव आलाय. त्यांनी माझ्या बॉनेटला गुलालही फासला.

म्हसा रोडला प्लॉटवाल्यांनी लांबलचक डांबरी रस्ता करून ठेवलाय. तिथे घर एकही नाही. सगळी वऱ्हाडी मंडळी तिथे जमली. झेंडेवाला ओरडला, "मामा, गाडी चालू करा की!"

"चालूच हाय!" बॅटरीवर मी आवाज करत नाही, त्या बिचाऱ्याला काय माहीत.

झेंडा पडला आणि मी सुटले! काकांची गाडी जागेवरच राहिली. मामा आत "हुर्रर्र" करत होते. मग मागून काकांची गाडी वेग चढवत चढवत माझ्या बरोबरीला आली. शेवटचं निशाण समोर दिसत होतं, आणि माझ्या पोटात खडखडाट! बॅटरीनं थोडं ओढलं, मग तिनंही मान टाकली. निशाणाच्या थोडं अलीकडे मी उभी. काका भुर्रकन निघून गेले.

लोक पोट धरून हसले. मामा मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. "माझंच चुकलं गो. आता हिरेला काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात दार उघडलं. भूमिका आत येऊन बसली. "मामा, ढकल."

"अगं, हरलो आपन."

"गाडी हरली. माझा मामा कुठं हरलाय? मी याच गाडीतून जाणार. ढकल, मी उतरणार नाय."

मामा डोळे पुसत उतरले. एकट्यानं काय होणार? मी हलेना. काका गाडी वळवून परत आले. आता भांडण होणार असंच सगळ्यांना वाटलं. काकांनी गॉगल खिशात ठेवला आणि माझ्या डिकीला खांदा लावला. "सरक जरा. पोरगी माझी पन हाय."

दोघांनी मला निशाणापलीकडे नेलं. लग्नाच्या दिवशी नवरी माझ्यातूनच गेली, टाकी काठोकाठ भरून. पुढे बँडवाले असल्यामुळे वेग अगदी माणसाच्या चालीचा!

म्हणून मित्रांनो, आमचा पिकअप मोजा, वेग मोजा, हरकत नाही. पण पिवळा दिवा लागला की आधी पोटात काहीतरी घाला. नाहीतर ढकलायला काका शोधावे लागतील, आणि सगळ्यांचेच काका काही परत येत नाहीत.